भोजनकारभाऱ्याची कसोटी : वसईतील एका घरगुती केटरिंग सेवेचे परीक्षण

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, निर्मळ, गास या गावांच्या आसपास, ख्रिस्ती लग्नाचा स्वयंपाक करणारे घरगुती केटरर पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे शिरक्यातले इंद्याल, नारळाच्या दुधातली मोईली आणि आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे एकमेकांच्या तोडीस तोड असतात. चवीपुरतेच लिहायचे असते तर या परीक्षणाची गरज नव्हती. गेल्या पुनरुत्थान सणानंतर (ईस्टरनंतर) माझ्या भाचीचे लग्न झाले. आम्ही कॅथलिक, तर वरपक्ष पुण्याकडचा मेथडिस्ट, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाचा. आमच्याकडे हातात वाईनचा पेला असल्याशिवाय टोस्ट, म्हणजे पेला उंचावून वधूवरांना शुभेच्छा देणे, होत नाही. त्यांच्याकडे आजोबांच्या काळापासून कोणी दारूला स्पर्श केलेला नाही आणि ही गोष्ट ते आपल्या विश्वासाचा भाग मानतात. अशा दोन घराण्यांना एकाच मांडवात, कोणालाही ओशाळे वाटू न देता जेवू घालणे हे त्या केटररचे खरे काम होते, आणि म्हणूनच त्याची पारख करताना ख्रिस्ती माणसाने मद्य घ्यावे की घेऊ नये या जुन्या प्रश्नात शिरण्यावाचून गत्यंतर नाही. ही सेवा एक दांपत्य चालवते. हाताशी आहे तेवढे काम पुरे असल्याने आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. गावात विचारले तर पत्ता मिळतो.

पहिल्या भेटीतच दांपत्यातील बाईंनी जो प्रश्न विचारला त्याने मी चकित झालो. ताटे किती, हे त्यांनी नंतर विचारले. आधी त्यांना हवे होते ते न पिणाऱ्या पाहुण्यांचे वर्गीकरण : आवडत नाही म्हणून न पिणारे किती, औषधे चालू आहेत म्हणून न पिणारे किती, पूर्वी पीत होते आणि आता सुटले आहे असे कोणी आहे का, आणि व्रत किंवा शपथ म्हणून न पिणारे किती. प्रत्येकाची सोय वेगळी करावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. दारू न पिणारा म्हणजे एक कोल्ड्रिंक, एवढाच हिशेब असलेल्या आमच्या भागात हा विचार दुर्मीळ आहे, आणि तो पवित्र शास्त्राच्या वळणाचाही आहे. शास्त्रात मद्य वर्ज्य करणारी माणसे एकाच कारणाने ते वर्ज्य करत नाहीत. बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील नाजीर, म्हणजे स्वतःला देवाला वाहून घेणारा माणूस, ठरावीक मुदतीचे व्रत घेतो. याजकांना दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूत, जाताना मद्य निषिद्ध आहे, एरवी नाही. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायातील रेखाबी घराणे पूर्वजाच्या आज्ञेखातर पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षारस घेत नाही आणि परमेश्वर त्यांच्या निष्ठेची वाखाणणी करतो. बाप्तिस्मा करणारा योहान जन्मापासूनच त्यापासून दूर असतो. यांपैकी कोणीही इतरांवर ते बंधन लादलेले दिसत नाही, आणि त्यांना कोणी हसलेलेही शास्त्राला खपत नाही.

आमच्या बाजूच्या मंडळींचा सगळा भर अर्थातच काना गावच्या लग्नावर, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या प्रवचनात येतो आणि जेवणाच्या वेळी कोणीतरी काका तो पुन्हा आपल्या सोयीने सांगतात. सहा दगडी रांजण, प्रत्येकात आजच्या मापाने सुमारे पाऊणशे ते एकशेवीस लिटर पाणी, म्हणजे एकूण साडेचारशे ते सातशे लिटरांच्या घरात द्राक्षारस झाला, हा हिशेब त्या काकांना तोंडपाठ असतो. त्या काळी यहुद्यांचे लग्न सात-सात दिवस चालत असे आणि जेवायला सगळे गाव लोटत असे, हे मात्र सांगायचे राहून जाते. तरीही त्या प्रसंगाचा अर्थ झटकून टाकता येत नाही. ज्या गुरूने आपले पहिले चिन्ह म्हणून लग्नघरातील द्राक्षारसाची टंचाई दूर केली, ज्याला विरोधकांनी खादाड आणि मद्यपी म्हणून हिणवले, आणि ज्याने शेवटच्या भोजनात द्राक्षवेलाचा उपज हाती घेऊन आपल्या रक्ताचा करार केला, त्याच्या नावाने मद्याला मूळचेच पाप म्हणणे कठीण आहे. स्तोत्र १०४ मध्ये माणसाचे हृदय आनंदित करणाऱ्या द्राक्षारसाबद्दल देवाचे आभार मानले आहेत, आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दशमांशाच्या, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याच्या, पैशातून द्राक्षारस घेऊन परमेश्वरासमोर कुटुंबासह आनंद करण्याची मुभा आहे.

वरपक्षातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, मोठ्या सौजन्याने, मला दुसरी बाजू ऐकवली. काना गावचा द्राक्षारस आंबवलेला नव्हता, तो ताजा रस होता, असे त्यांचे मत. ते मला पटत नाही, आणि त्यांना मी तसे सांगितलेही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, वेळी काही जण उपाशी राहत आणि काही जण झिंगत, म्हणून प्रेषित पौलाने त्यांची कानउघाडणी केली आहे. ताज्या रसाने कोणी झिंगत नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, सकाळी प्रेषितांना लोकांनी नशेत ठरवले तेव्हा पेत्राने दिलेले उत्तर असे की अजून दिवसाचा तिसरा तासच आहे, म्हणजे सकाळचे नऊ. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी व वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यावा असा सल्ला पौल देतो, त्यातला ‘थोडा’ हा शब्दही रसाला लागू करण्याचे कारण नाही. पण त्या गृहस्थांच्या भात्यात आणखी बाण होते आणि त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण उत्तर देण्याजोगे त्यांत काही नाही. नोहा द्राक्षमळा लावतो आणि पहिल्याच पिकावर नशेत उघडा पडतो. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात लाल डोळे, कारण नसता जखमा आणि शेवटी सर्पासारखा डसणारा प्याला यांचे जे वर्णन आहे ते आमच्या गावातल्या कुठल्याही तळीरामाला शब्दशः बसते. इफिसकरांना द्राक्षारसाने मस्त होऊ नका असे स्पष्ट बजावले आहे, आणि गलतीकर व करिंथकर यांना लिहिलेल्या पत्रांत देवाच्या राज्याचे वतन न मिळणाऱ्यांच्या यादीत मद्यपी हा मूर्तिपूजक, चोर व लोभी यांच्या रांगेत उभा आहे.

म्हणजे शास्त्राने पेला नाकारलेला नाही आणि नशेला कोठेही थारा दिलेला नाही. माझ्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे वचन तिसरेच आहे आणि आमच्याकडच्या यजमानांना ते फारसे आठवत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की मांस न खाणे, द्राक्षारस न पिणे, ज्याने आपला भाऊ ठेचाळतो असे काहीही न करणे चांगले. पिणाऱ्याला त्याचे स्वातंत्र्य आहे. त्या स्वातंत्र्याची किंमत न पिणाऱ्याने मोजायची नाही. ख्रिस्ती पंगतीत दारू असावी की नसावी, यापेक्षा तिथे न पिणारा कसा वागवला जातो यावरून ती पंगत तोलावी, असे मी मानतो, आणि पुढचे सगळे परीक्षण त्याच मापाने केले आहे.

या मापावर टोस्टची व्यवस्था अतिशय चांगली उतरली. सर्वांना उभ्या दांड्याचे एकसारखे ग्लास दिले होते. अर्ध्यांत नाशिककडची लाल वाईन होती आणि अर्ध्यांत काळ्या द्राक्षांचा रस. रंगात फरक करणे मांडवाच्या उजेडात जवळजवळ अशक्य होते. रसाच्या ग्लासाच्या दांड्याला मात्र बारीक हिरवा दोरा गुंडाळलेला होता. जवळून पाहिल्याशिवाय तो दिसत नव्हता, त्यामुळे कोण काय घेतो आहे याकडे चार लोकांचे डोळे लागले नाहीत, आणि ज्याला चूक परवडणार नाही त्याला बोटाच्या स्पर्शानेही ग्लास ओळखता आला. आमच्या एका नातेवाइकाने बऱ्याच प्रयत्नांनी दारू सोडली आहे. मुंबईतील अनेक चर्चच्या आवारांत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा भरतात, तशाच एका गटाच्या आधाराने तो उभा राहिला. टोस्टच्या वेळी तो आजवर काहीतरी निमित्त काढून बाहेर जात असे. या वेळी तो सर्वांबरोबर उभा होता. केवळ एकसारखे ग्लास ठेवले असते तर त्याच्यासारख्यासाठी ती सोय धोक्याचीच ठरली असती. त्या दोऱ्यात बाईंच्या पहिल्या भेटीतल्या प्रश्नाचे मर्म आहे.

द्राक्षांचा रस त्या घरीच करतात. द्राक्षे चुरून, मंद आचेवर तापवून, गाळून, लगेच बर्फात ठेवायचा, कारण आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात न तापवलेला रस पाहता पाहता आंबू लागतो. वरपक्षाच्या पास्टरांनी हे ऐकून सांगितले की त्यांच्या परंपरेत प्रभुभोजनाचा रस याच युक्तीने शक्य झाला. थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने अमेरिकेत १८६९ मध्ये द्राक्षांचा रस तापवून आंबण्यापासून वाचवला, तोही मुळात चर्चच्या वेदीसाठी. मला यात विशेष वाटले ते असे की, अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये आपल्या अनुयायांसाठी जे नियम घालून दिले त्यांत मद्यपीपणाला आणि गाळलेल्या कडक दारूच्या खरेदी-विक्रीला व सेवनाला, अगदीच निकड नसेल तर, मनाई होती; साध्या वाईनचा प्रश्न त्यांच्यानंतरच्या शतकात, मद्यपाननिषेधाच्या चळवळीने, ऐरणीवर आणला. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेने पुढे ‘सैनिक’ म्हटल्या जाणाऱ्या आपल्या सभासदांकडून पूर्ण वर्ज्यतेची शपथच घेतली. ही वर्ज्यता केवळ प्रॉटेस्टंटांची मिरास मात्र नाही, हे आमच्या लोकांनी लक्षात ठेवावे : आयर्लंडमध्ये १८३८ पासून लाखो लोकांना दारू सोडण्याची शपथ देणारे फादर थिओबाल्ड मॅथ्यू कॅथलिकच होते.

आमच्या मिसेमध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, तो प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे वेदीवरील द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. त्याला पाणी हा पर्याय नाही; तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी नुसत्या पाण्यावर मिसा करणाऱ्यांना पत्र लिहून खडसावले होते. असे असूनही ज्या धर्मगुरूला दारूच्या व्यसनाचा त्रास आहे त्याला, बिशपांच्या परवानगीने, ज्याचे आंबणे सुरुवातीलाच थांबवले आहे असा रस वापरता येतो. स्वतः वेदीवर जर दुर्बळ भावाची एवढी काळजी घेतली जाते तर मांडवात ती का घेऊ नये, हे मी आमच्या काकांना विचारले होते. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या द्राक्षारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मांडवातल्या पेल्यासाठी ती नाही, म्हणून एका दिवसाचा परवाना यजमानाच्या नावाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढावा लागतो. त्याची कागदपत्रे केटररने वेळेवर करून घेतली, हे येथे नोंदवतो, कारण आमच्याकडे हे काम बहुधा शेवटच्या दिवशी कोणाच्या तरी ओळखीवर सोडलेले असते.

मद्याचा काउंटर मांडवाच्या एका कोपऱ्यात, जेवणापासून दूर होता. त्यावर वाईन आणि बिअर एवढेच. व्हिस्की, रम ठेवायला केटररने सुरुवातीलाच नकार दिला, आणि जेवणाची ताटे लागल्यावरच काउंटर उघडला. काही वऱ्हाडी यामुळे नाराज झाले. मला हा निर्णय योग्य वाटला, आणि त्यामागे शास्त्रही आहे. पवित्र शास्त्रातला द्राक्षारस आंबवलेला होता, गाळलेला नव्हता. तो जेवणाबरोबर घेतला जाई आणि ग्रीक-रोमन चालीप्रमाणे त्यात पाणी मिसळले जाई. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी पाणी मिसळलेल्या द्राक्षारसाची गोडी सांगितली आहे, आणि मिसेत धर्मगुरू आजही द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतो. त्या पेयाला दिलेली मुभा उपाशी पोटी घेतलेल्या व्हिस्कीच्या पेगला आपोआप लागू होते, असे मी मानत नाही. अर्थात नाराज मंडळींनी मार्ग काढलाच. गाड्यांच्या डिक्या उघडल्या, आणि चर्चमागच्या चिंचेखाली दुसरा मांडव पडला. त्यावर केटररचा इलाज नव्हता; पण अशी शक्यता असताना यजमानांशी आधीच रोखठोक बोलून घेणे त्यांच्या कामात बसते, आणि ते त्यांनी केले नाही.

वेटरांबद्दल मात्र मोकळेपणाने लिहावेसे वाटते. आमच्या भागात आग्रह हा पाहुणचाराचा प्राण आहे, आणि तो भातापर्यंत ठीक असला तरी पेल्यापर्यंत गेला की त्याचे रूप पालटते. “एक घे रे, लग्न आहे” हे वाक्य किती जणांच्या उपासाला आणि किती जणांच्या निर्धाराला नडले असेल याची गणती नाही. येथे वेटर विचारल्याशिवाय ग्लास भरत नव्हते आणि रिकाम्या ग्लासासमोर घुटमळतही नव्हते. एस्तेरच्या पुस्तकात अहश्वेरोश राजाच्या मेजवानीचा एक नियम सांगितला आहे की पिण्याची कोणावर सक्ती नव्हती. ज्याची जशी इच्छा तसे त्याने घ्यावे. ती मेजवानी पुढे राजाच्याच नशेपायी बिघडली ही गोष्ट वेगळी, पण तो एवढा नियम परराष्ट्रीय राजाच्या दरबारात असावा आणि आमच्या लग्नघरांत नसावा, याची मला लाज वाटते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांच्या चाळिसाव्या प्रकरणात हाच सूर आहे. द्राक्षारस संन्याशांसाठी नव्हेच, पण हल्लीच्या संन्याशांना ते पटवता येत नसल्याने निदान पोटभर पिऊ नये, असे थोड्या मिश्किलपणे म्हणून ते रोजचे पाव ते अर्धा लिटर माप ठरवतात, आणि ज्यांना वर्ज्य करण्याची शक्ती देवाने दिली आहे त्यांना त्यांचे स्वतंत्र प्रतिफळ मिळेल, असेही सांगतात. संत जॉन क्रिसोस्टोम यांनी तर द्राक्षारस देवाकडून आणि मद्यपीपणा सैतानाकडून, अशी सरळ वाटणीच केली आहे.

आता जेवण. फुग्यांचे पीठ परंपरेने ताडीवर फुगवतात. ताडी सकाळी गोड आणि संध्याकाळी चढलेली असते, आणि पिठाला जी किंचित आंबूस चव येते ती यीस्टने येत नाही. या लग्नात सगळे फुगे यीस्टचे होते आणि काउंटरवर ‘ताडीविना’ अशी चिठ्ठी लावलेली होती. माझ्या जिभेला ते थोडे निराश करून गेले. दोन टोपल्या ठेवून दोन चिठ्ठ्या लावता आल्या असत्या. इंद्यालात शिरक्याचा आंबटपणा नेमका उतरला होता. नाजीराच्या व्रतात शिरका आणि मनुकेसुद्धा वर्ज्य आहेत, पण मेथडिस्ट हे नाजीर नव्हेत आणि वरपक्षाने इंद्याल पुन्हा मागून घेतले. चिकन मोईली उत्तम, नारळाचे दूध न फाटलेले. तळलेले बोंबील मात्र थंड झाल्यावर आले. मांडवाच्या रात्री म्हाताऱ्या मंडळींनी खिमाडाची मागणी केली. गावठी दारूत गूळ-साखर आणि मसाले घालून उकळलेले हे पेय आमच्या जुन्या लग्नांचा अविभाज्य भाग होते. दारूचा उगम माहीत नसताना ती कोणाच्या पोटात घालणार नाही, असे सांगून केटररने ते नाकारले आणि गवती चहा, दालचिनी, लवंग घालून बिनदारूचे खिमाड केले. आमच्या थोरल्या मामींनी “औषध छान आहे” एवढाच अभिप्राय दिला, पण पेला संपवला.

सर्वांत मोठी त्रुटी केकमध्ये झाली. लग्नाचा केक बाहेरच्या एका बेकरीतून आणला होता, त्यातला सुकामेवा रममध्ये भिजवलेला होता आणि त्याची चिठ्ठी कोणी लावली नाही. वराच्या आजींनी एक तुकडा खाल्ल्यावर त्यांच्या नातवाला वासावरून ते कळले. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उतरले. आजी मात्र शांत होत्या. “न कळत खाल्लं त्याचं पाप नाही. आता कळलं, आता दुसरा नको,” एवढे म्हणून त्यांनी बशी बाजूला ठेवली. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल नेमके हेच सांगतो : पानात वाढले ते सद्‌सद्विवेकासाठी चौकशी न करता खा, परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका. मद्य आणि नैवेद्य या वेगवेगळ्या गोष्टी असल्या तरी त्या आजींनी ते वचन जगून दाखवले. पण त्यांनी समजूत दाखवली म्हणून केटररची जबाबदारी हलकी होत नाही. ज्यांनी फुग्यांच्या पिठापर्यंत विचार केला त्यांनी केकची एक फोन करून खात्री करायला हवी होती. दांपत्याने आजींची समक्ष क्षमा मागितली आणि केकचे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

दुसरी तक्रार हिशेबाची आहे. ताटाचा दर या भागातील चांगल्या घरगुती केटररइतकाच होता. वाईन आणि बिअर यजमानाने परवानाधारक दुकानातून स्वतः आणायची आणि केटररने केवळ वाढण्याचे पैसे घ्यायचे, ही पद्धतही स्वच्छ आहे, कारण त्यामुळे जास्त दारू खपवण्यात त्यांचा काही लाभ राहत नाही. परंतु द्राक्षांच्या रसाचा दर वेगळा आणि चढा लावला होता, इतका की हिशेब करता रसाचा ग्लास वाईनच्या ग्लासाला महाग पडला. मेहनत, बर्फ, द्राक्षांचा भाव ही कारणे त्यांनी दिली आणि ती खोटी नाहीत. तरीही न पिणाऱ्या पाहुण्याचा पेला हा जादा खर्च म्हणून बिलात वेगळा दिसावा, हे या सेवेच्या एकूण वृत्तीला शोभत नाही; तो ताटाच्या दरातच धरावा. शिवाय रस कमी पडला आणि शेवटच्या तासात हिरव्या दोऱ्याच्या ग्लासांतून कोला दिला गेला. कोकम सरबत मुबलक होते, पण आगळ जास्त पडल्याने खारट झाले होते.

बाहेर पिणाऱ्यांच्या टोळक्याकडे पाहून वरपक्षातील एका तरुणाने मला विचारले की तुमच्याकडे सगळेच पितात का. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती पात्राच्या हाती बाटली देऊन ठेवल्यापासून हा प्रश्न आम्हाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकण्याची सवय आहे, पण तो एका ख्रिस्ती मुलाकडून ऐकताना अधिक बोचतो. मी त्याला मांडवात फिरवून आणले. आमच्याच पक्षातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या आणि बऱ्याच पुरुषांच्या हातांत हिरव्या दोऱ्याचे ग्लास होते. आमच्यात न पिणारे एवढे आहेत हे मलाही त्या दिवशीच दिसले, कारण एरवी त्यांच्यासाठी ग्लासच नसतो.

ज्यांच्या घरी पंथांचे असे मिश्रण आहे, किंवा ज्यांच्या पाहुण्यांत एकजण तरी दारूतून बाहेर पडलेला आहे, त्यांना या सेवेची शिफारस मी निःसंकोच करतो. व्हिस्कीशिवाय लग्न लागत नाही असे मानणाऱ्यांनी दुसरीकडे जावे. येथे त्यांचा आणि केटररचा दोघांचाही वेळ वाया जाईल. राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून) पुनरुत्थान सणापर्यंत हे दांपत्य लग्नाचे काम घेत नाही आणि त्यानंतरचे मेअखेरपर्यंतचे रविवार फार आधी भरतात, म्हणून बोलणी नाताळापूर्वीच करावी. काळ्या द्राक्षांचा हंगाम एप्रिलनंतर ओसरत असल्याने मेच्या उत्तरार्धातील लग्नाला रसाऐवजी कोकमच मिळेल. तेव्हा आगळाचे प्रमाण आधी चाखून ठरवावे. टोस्टचा रस पाहुण्यांच्या संख्येपेक्षा दीडपट सांगावा, त्याचा दर ताटात धरून लेखी घ्यावा, आणि केक त्यांच्यावर न सोपवता स्वतः ठरवून बेकरीवाल्याला सुकामेवा कशात भिजवला आहे हे विचारून घ्यावे.